बिघाड कुठे आहे?

(किशोरी गटांबरोबर काम करणाऱ्या कार्यकर्त्या मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे.)



या बैठकीचं आमंत्रण देताना संयोजक मैत्रीण म्हणाली, "मुलींनी रोबोट केला त्यावर बोल. पण फार तांत्रिक नको हं, बायका कंटाळतील." मी हो म्हटलं. आणि आता इथे उभं राहून तो शब्द मोडणार आहे. थोडं तांत्रिक बोलणार आहे, कारण माझ्या अनुभवात जे काही घडलं ते त्या तांत्रिक भागातच घडलं. आपण मात्र तो भाग आला की पान उलटतो. माझं स्वतःचं शिक्षण एम.एस.डब्ल्यू. दहावीनंतर विज्ञानाचं पुस्तक उघडलेलं नाही. तेव्हा मला समजलं ते इथल्या कोणालाही समजेल.

रोबोट म्हटल्यावर सिनेमातला लोखंडी माणूस डोळ्यांपुढे आणू नका. आमचा रोबोट म्हणजे वहीएवढी गाडी. एक प्लास्टिकची पाटी, तिला दोन पिवळ्या मोटरी आणि दोन चाकं, पुढे सगळीकडे वळणारं एक छोटं चाक. वर दोन पाट्या. एक आर्डुइनो, म्हणजे विचार करणारी पाटी. दुसरी मोटर ड्रायव्हर, म्हणजे मोटरींना प्रत्यक्ष वीज सोडणारी पाटी. शिवाय सेलचा डबा. एका गाडीला आम्हाला हजार ते पंधराशे रुपये लागले. आर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावी झाली, विद्यार्थ्यांना स्वस्तात काही करून बघता यावं म्हणून. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याच्या स्वस्त प्रती मिळतात.

पहिलं शिबिर आम्ही मुलं-मुली एकत्र घेतलं. माझीच कल्पना. तीन दिवसांनंतर फोटो पाहिले तेव्हा मला लाज वाटली. प्रत्येक फोटोत स्क्रू ड्रायव्हर मुलाच्या हातात. मुली काय करत होत्या? कोणी स्क्रू वाटीत धरून उभी, कोणी वहीत टिपणं काढतेय, कोणी गाडीला कागदाचे डोळे चिकटवतेय. डोळे फार सुंदर झाले होते. कोणीही त्यांना "तू हात लावू नकोस" म्हटलं नव्हतं. श्रमविभागणीवर मी स्वतः किती सत्रं घेतली आहेत! आणि माझ्या नाकासमोर ती विभागणी झाली तरी मला फोटो बघेपर्यंत दिसली नाही.

म्हणून पुढचं शिबिर फक्त मुलींचं केलं. सातवी ते दहावीच्या मुली. तेव्हा लक्षात आलं की प्रश्न फक्त स्क्रू ड्रायव्हरचा नाही. मुलग्याच्या हातून एखादी वस्तू बिघडली तर घरी म्हणतात, "उद्योगी आहे, सगळं उघडून बघतो." मुलीच्या हातून बिघडली तर नुकसान केलं. वस्तू बिघडवायची मुभा ज्याला लहानपणी मिळते त्याला पुढे ती दुरुस्त करता येते. आमच्या मुलींनी पहिल्या दिवशी एकेक वायर अशी धरली होती, जणू ती काचेची आहे. पाच वेळा विचारायच्या, "मॅडम, लावू? जळणार नाही ना?"

सामान आणायला मुलींनाच न्यायचं असं ठरवलं. पुण्यात असं सामान बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास मिळतं. बुधवार पेठ हे नाव ऐकताच आयांचे चेहरे पडले. पेठेच्या दुसऱ्या भागात वेश्यावस्ती आहे हे पुण्यात सगळ्यांना ठाऊक आहे. त्याच पेठेतून मुलगे रोज सामान आणतात, इंजिनिअरिंगची मुलं आणतात, त्यांना कोणी अडवत नाही. मी आयांना समजावत बसले नाही, "तुम्हीच चला" म्हटलं. तीन आया आल्या. दुकानदार आधी आमच्या रिक्षावाल्या दादांकडे बघून बोलत होता. मग आठवीतल्या एका मुलीने चिठ्ठी न बघता सांगितलं, "एल-२९८-एन ड्रायव्हर चार द्या. आणि मोटरी बीओ, दोनशे आरपीएमच्या." दुकानदाराची मान तिच्याकडे वळली ती बिल होईपर्यंत तिथेच राहिली. परत येताना एक आई मला म्हणाली, "ताई, ती काय म्हणाली हो? मला शब्द कळला नाही, पण त्याला कळला."

आता मुख्य गोष्टीकडे येते. गाड्या जोडून झाल्या. मोटरींना वायरी डाग देऊन लावल्या, म्हणजे सोल्डरिंग केलं. त्याला एका आईचा विरोध होता, हात भाजेल म्हणून. तिची मुलगीच बोलली, "पोळ्या करताना भाजतो तेव्हा नाही म्हणत कुणी." प्रोग्रामही भरला. माझ्याकडे त्या वेळी जी माहिती होती तीनुसार मी प्रत्येक गाडीला एकेक चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी आणली होती. चित्रांत तीच दिसते, नीट बसते, सुटसुटीत असते. बटण दाबलं. गाडी एक झटका देऊन पुढे गेली आणि थांबली. परत झटका, परत थांबली. पाटीवरचा दिवा प्रत्येक वेळी लुकलुकायचा. चारही गाड्यांचं तेच.

खोलीत एकदम शांतता झाली. एक मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या हाताला यश नाही." दुसरी म्हणाली, "मला वाटलंच होतं, मी वायर चुकीची लावली असणार." तिसरीने काही न बोलता आपली गाडी खोक्यात ठेवली. चार गाड्या, चार गट, सगळ्या एकाच तऱ्हेने अडल्या. अशा वेळी चूक सगळ्यांच्या हातात कशी असेल? पण एकीच्याही मनात हे आलं नाही की दोष वस्तूचा असेल, किंवा आणून देणाऱ्या मॅडमचा असेल. पहिल्या शिबिरातल्या मुलांची गाडीही अशीच अडली होती. तेव्हा ते काय म्हणाले माझ्या लक्षात आहे: "मॅडम, तुमचं सामान डुप्लिकेट आहे." मारहाण होऊन आपल्याकडे येणारी बाई पहिलं वाक्य काय बोलते ते तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. "माझंच काहीतरी चुकलं असेल." तेच वाक्य मी तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून एका खेळण्याबद्दल ऐकत होते.

मी म्हटलं, कोण चुकलं ते नंतर बघू. बिघाड कुठे आहे ते आधी मोजू. आणि मल्टिमीटर काढला. हे मोजायचं यंत्र दोन-तीनशे रुपयांत मिळतं. लाल तार बॅटरीच्या अधिकवर, काळी उण्यावर. गाडी बंद असताना आकडा ९ च्या वर. बटण दाबलं, मोटरी फिरायला लागल्या की आकडा कोसळून ५ च्याही खाली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दुसऱ्या गाडीवर केलं, तेच. मुली आता खोक्यातून गाड्या बाहेर काढायला लागल्या होत्या.

याचा अर्थ असा. व्होल्ट म्हणजे पाण्याच्या टाकीची उंची समजा. ॲम्पिअर म्हणजे नळातून प्रत्यक्ष किती पाणी येतंय ते. चौकोनी बॅटरी उंच टाकीसारखी आहे, पण तिची नळी सलाइनच्या नळीइतकी बारीक. धुराचा इशारा देणारं यंत्र किंवा मीटर स्वतः, यांना थेंब थेंब पुरतं. मोटरीला धार लागते. एक पिवळी मोटर रिकामी फिरताना शंभर-दोनशे मिलिॲम्पिअर घेते, सुरू होताना किंवा अडली की त्याच्या कित्येक पट. दोन मोटरींनी एकदम मागणी केली की बॅटरीचा दाब पडतो. दाब पडला की विचार करणाऱ्या पाटीलाही पुरेशी वीज मिळत नाही, ती बंद पडते. ती बंद पडली की मोटरी थांबतात, दाब परत चढतो, पाटी पुन्हा जागी होते आणि प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करते. परत मोटरी, परत पडझड. म्हणून तो झटका आणि लुकलुक. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे ही अभ्यासाला बसली की हिला कुणीतरी पाणी भरायला उठवतं." मी याहून चांगलं सांगू शकले नसते.

मग काय घालायचं? भिंतीवरच्या घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल. दीड व्होल्टचे सहा सेल एकापुढे एक लावले की ९ व्होल्ट होतात. इथे मुली अडल्या. त्यावरही ९ आणि यावरही ९, मग फरक कसला? मी उत्तराची जुळवाजुळव करत होते, तेवढ्यात दाराशी बसलेल्या एका आईने उत्तर दिलं. त्या काचपत्रा वेचतात. म्हणाल्या, "त्या चौकोनी डबीत काही नसतं गं. भंगारात फुटलेली बघितलीय मी. आत सहा बारक्या वड्या असतात, एकावर एक ठेवलेल्या." सहा वड्या आणि सहा सेल! आकडा दोन्हीकडे तोच, पण वडी केवढी आणि सेल केवढा. दुकानातून आणलेल्या कुठल्याच पुस्तकात मला हे इतक्या थोडक्यात सापडलं नव्हतं.

त्या बाई मग आत येऊन बसल्या. मोटर हातात घेऊन म्हणाल्या, "यात तांब्याची तार असते गुंडाळलेली, आणि दोन लोहचुंबक." मोबाइलची फुगलेली बॅटरी कधी दाबायची नाही, टोचायची नाही, तिचा भडका उडतो, हेही त्यांनीच सांगितलं. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या एकीच्या गोणीत तसं झालं होतं. जुन्या लॅपटॉपमधले लिथियमचे सुटे सेल स्वस्त मिळतात आणि रोबोट करणारी बरीच मुलं ते वापरतात. त्यांची धार जोरदार असते खरी, पण दोन टोकांत चुकून एखादी तार आडवी पडली तर पेट घेऊ शकतात. आमच्या मुली गाड्या घरी नेणार होत्या, दहा बाय दहाच्या खोल्यांत, धाकटी भावंडं रांगत असलेल्या. त्या बाईंचं ऐकून आम्ही लिथियमला नाही म्हटलं. याबद्दल एक तज्ज्ञ गृहस्थ मला हसले होते. हसू देत.

पुढे खर्च वाचवायला चार्ज होणारे पेन्सिल सेल घेतले. त्यांचा एकेक सेल १.२ व्होल्टचा, म्हणजे सहांचे ७.२. या ड्रायव्हर पाटीचा एक दुर्गुण आहे, ती साधारण २ व्होल्ट स्वतःच खाते. मधला दलालच म्हणा. उरतात सुमारे ५ व्होल्ट. पिवळी मोटर ३ ते ६ व्होल्टवर चालते, म्हणजे बरोबर बसलं. चार सेल घेऊन काटकसर केली तर मोटरीपर्यंत ३ व्होल्टही धड पोचत नाहीत. हा हिशेब मुलींनी फळ्यावर स्वतः केला. आणखी दोन गोष्टी सांगते, कारण यांत सगळे अडतात. मोटर कधीही थेट आर्डुइनोच्या पिनला लावायची नाही. ती पिन २० मिलिॲम्पिअरच्या आसपास द्यायला केलेली आहे. ती हुकूम देते, वीज ड्रायव्हर देतो. आणि सगळ्या पाट्यांच्या उण्या तारा, म्हणजे ग्राउंड, एकमेकींना जोडायच्या. एकीचं शून्य एक आणि दुसरीचं शून्य दुसरं असेल तर पिनने दिलेला हुकूम ड्रायव्हरला कळतच नाही. आपल्या काही आघाड्यांच्या बैठका मला आठवल्या, पण ते असो.

आता प्रोग्राम. प्रोग्राम म्हणजे हुकमांची यादी. त्यासाठी आम्ही पहिले दोन दिवस कॉम्प्युटर उघडलाच नाही. एका मुलीने रोबोट व्हायचं, डोळ्यांना ओढणी बांधून. दुसरीने हुकूम द्यायचे. "पुढे जा." ती चालत राहिली आणि भिंतीला धडकली, कारण किती पुढे ते कोणी सांगितलंच नव्हतं. "उजवीकडे वळ." किती? थोडं म्हणजे किती? हसून हसून मुरकुंडी वळली, पण अर्ध्या तासात त्या "दोन पावलं पुढे, थांब, काटकोनात उजवीकडे" असं बोलायला लागल्या. ही युक्ती आमची नाही. १९६७ साली अमेरिकेत लोगो नावाची मुलांसाठीची संगणकभाषा तयार झाली. तिचे हुकूम पाळणारं, जमिनीवर फिरून चित्र काढणारं एक यंत्र-कासव होतं. मुलांनी कासव होऊन स्वतः चालून बघावं, मग हुकूम लिहावेत, असा तिथला विचार. लोगोचं नाव निघालं की सीमोर पॅपर्ट यांचं नाव येतं. ती भाषा घडवणाऱ्यांत सिंथिया सॉलोमन होत्या हे क्वचित सांगितलं जातं. त्याही आधी, १९४६ साली अमेरिकेत एनिॲक हा अवाढव्य संगणक जगापुढे आला, त्याचं प्रोग्रामिंग सहा स्त्रियांनी केलं होतं. तेव्हा प्रोग्राम करणं म्हणजे तारा या भोकातून त्या भोकात लावणं आणि बटणं फिरवणं. तारा लावणं हे मुलींचं काम नाही असं कोणी म्हटलं की मी एवढं ऐकवते.

आर्डुइनोच्या प्रोग्रामचे दोन भाग असतात. सेटअप आणि लूप. सेटअप एकदाच होतं, लूप पुन्हा पुन्हा, वीज असेपर्यंत. हे समजावताना एक नववीतली मुलगी म्हणाली, "सेटअप म्हणजे कणीक मळणं आणि लूप म्हणजे पोळ्या लाटणं. फक्त पाहुणे संपत नाहीत." आमच्या एका सहकारी मैत्रिणीला हे आवडलं नाही. तिचं म्हणणं, कष्टाने मुलींना स्वयंपाकघरातून बाहेर काढायचं आणि परत पोळ्यांवरच आणायचं का? वाद बराच झाला. मला दोघींचं पटतं. पण मुलीला उपमा मी दिली नव्हती, तिने स्वतः शोधली होती, आणि तिला लूप कळला होता.

प्रोग्रामची भाषा इंग्रजी, मुली मराठी माध्यमाच्या. शब्द मात्र मोजके आहेत. पिन हाय करा, पिन लो करा, इतका वेळ थांबा. थांबण्याचा वेळ हजारांत, १००० म्हणजे एक सेकंद. एका मोटरीला ड्रायव्हरच्या दोन पिना. पहिली हाय, दुसरी लो केली की मोटर पुढे. उलट केलं की मागे. दोन्ही लो, थांबली. एक चाक पुढे आणि दुसरं मागे, की गाडी जागच्या जागी वळते. आम्ही हे शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ एका कागदावर छापून वाटले. व्हिडिओ बघा असं सांगणं सोपं होतं, पण आमच्या बहुतेक मुलींच्या घरात मोबाइल भावाच्या खिशात असतो.

प्रोग्राम पाटीत भरताना आमचा अख्खा एक रविवार गेला. संस्थेत एकच लॅपटॉप, त्यावर हिशेब चालतात. तो पाटीला ओळखेचना. स्वस्त पाट्यांवर सीएच-३४० नावाची एक चकती असते, तिच्यासाठी वेगळा ड्रायव्हर कॉम्प्युटरमध्ये घालावा लागतो. हा ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअर, मोटरीचा नव्हे. एकाच नावाच्या दोन गोष्टी ठेवून या मंडळींनी काय मिळवलं कोण जाणे. शिवाय यादीत पाटीचं नाव आणि पोर्ट बरोबर निवडायचं, आणि ० व १ नंबरच्या पिनांना त्या वेळी काही जोडलेलं ठेवायचं नाही. पण या रविवारी "माझ्या हाताला यश नाही" असं कोणी म्हटलं नाही. त्यांनी फळ्यावर यादी केली: वायर बदलून बघितली, पोर्ट बदललं, दुसरी पाटी लावली. एकेक शक्यता खोडत गेल्या.

गाडी धावली तेव्हा ती सरळ जाईना, डावीकडे ओढायची. एकाच खोक्यातून आलेल्या दोन मोटरीसुद्धा सारख्या नसतात. वेग ० ते २५५ या आकड्यांत देता येतो. मुलींनी उजव्या मोटरीचा आकडा २०० वरून हळूहळू खाली आणत १८४ वर गाडी सरळ केली. दुसऱ्या गाडीचा आकडा वेगळा निघाला. एकीचं उत्तर दुसरीला चालत नाही हे शाळेत त्यांना कधी सांगितलं गेलं नसावं.

शेवटी भिंत ओळखणारे डोळे बसवले. या डोळ्यांना दिसत नाही, ऐकू येतं. एकातून माणसाला ऐकू न येणारा आवाज निघतो, दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. लागलेल्या वेळावरून अंतर काढायचं. वेळेला दोनने भागायचं, कारण आवाज जाऊन परत आलेला असतो. तरी एक गाडी भिंतीवर आदळतच राहिली. मापं बरोबर, सेल बरोबर. दोन मुली ती गाडी आणि कागद घेऊन कोपऱ्यात बसल्या. मी मुद्दाम गेले नाही. खरं तर मलाही माहीत नव्हतं. तासाभराने त्यांनी सांगितलं, "मॅडम, आपण तिला दोन सेकंद चाल असं सांगितलंय. त्या दोन सेकंदांत ती डोळे उघडतच नाही." थांबण्याचा आकडा २००० वरून ५० वर आणला. गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबली, वळली आणि खोलीभर फिरायला लागली.

त्या दोघींपैकी एक आता शिबिराला येत नाही. दहावीनंतर तिला मामाच्या गावी पाठवलं. आमचं बोलणं चालू आहे, तिच्या आईशीही. दुसरी येते, आणि येताना शेजारच्यांच्या बंद पडलेल्या सेलच्या वस्तू घेऊन येते: टॉर्च, घड्याळं, खेळणी. घरातल्या भिंतीवरच्या विजेच्या बोर्डाला हात लावायचा नाही, हा नियम मात्र आम्ही सगळ्यांना दोन-दोनदा सांगितला आहे. मीटर घेतल्यावर मोह होतो.

कोणाला आपल्या गटात हे करून बघायचं असेल तर सांगा. आमच्याकडे दोन मीटर आणि दोन गाड्या फिरत्या ठेवल्या आहेत, महिनाभरासाठी देतो. छापलेला कागदही देतो. सेल तुमचे तुम्ही आणा. आणि मुली अर्धवट जोडलेली गाडी सोडून पाणी भरायला जातील, तेव्हा ती ठेवायला कुलपाचं एक कपाट आधी बघून ठेवा. आमची पहिली गाडी कोणाच्या तरी धाकट्या भावाने चावली होती.